बुजवलेल्या आडाची जागा

महानंदाबाई सव्वीस वर्षं लातूरच्या जुन्या जकात नाक्याच्या कोपऱ्यावर बेल-फुलं विकतात. मी त्यांचं दर सोमवारचं गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी पाच पुड्या मागितल्या तर सात बांधल्या.

"घ्या की वैनी, देवाला जास्तीचं चालतं," म्हणाल्या, उठल्या, रस्त्यापर्यंत गेल्या आणि उगीच परत आल्या.

शहराचं नवं वस्तुसंग्रहालय भर बाजारात बांधायचं ठरलं होतं. जागा दोनच उरल्या होत्या. एक हा नाका, दुसरी समोरचं बंद पडलेल्या शाळेचं मैदान. नाका ठरला की यांचा कोपरा जाणार. पण साहेब लोकांचा कल मैदानाकडे होता. मग यांना घोर कसला? मी विचारलंच.

"मैदानात आड हाय. नळ आले तवा माती-कचरा टाकून बुजवला. कागदावर न्हाई तो."

"तुम्हाला जागा नेमकी ठाऊक?"

"बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की आड पुजतेत आमच्यात. मी तीनदा पुजला. परवा सुनेलाबी तिथंच नेलं. पाणी नसलं म्हणून काय झालं?"

"मग सांगून टाका."

"सांगते की. अन् टोपली कुठं ठेवू, तुमच्या ओट्यावर?"

मी पुड्या पिशवीत टाकल्या. माझा कुठला कोपरा जायचा होता?

गुरुवारी मी भाजीला आले होते, तेव्हा वीरेश नावाचे तरुण इंजिनिअर टेप घेऊन मैदानात उतरले. महानंदाबाई दोनदा फाटकापर्यंत जाऊन मागे फिरल्या. शेजारी हार ओवत बसलेले त्यांचे यजमान बसवंतराव खेकसले, "गप बैस. साहेबाला कळंल त्याचं."

"कळंल की, भिंत खचल्यावर. शाळेची लेकरं येतील तिथं सहलीला."

तिसऱ्या खेपेला त्या आत गेल्या. मीही पिशवी सावरत मागोमाग गेले.

आडाचं ऐकून वीरेश हसले. "मावशी, नकाशात आड नाही."

"नकाशा काढणाराची बायको इथं बाळंत झाली नसंल."

गुडघाभर गवतातून त्या सरळ चालत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. पायाशी वाळलेलं हळदकुंकू होतं. वीरेशनी पहार मागवली. दोन-चार घावांत ती गपकन खाली गेली, आणि त्यांचं हसू थांबलं.

पंधरा दिवसांत नाक्याची जागा मंजूर झाली. कोपरा महिनाभरात मोकळा करा, असा कागद भिंतीवर लागला. बसवंतराव बायकोशी बोलेनात.

"हार ओवतेत, पर तोंड उघडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "बरंय, तेवढीच शांतता."

तेव्हापासून त्या जागा शोधत फिरताहेत. बँकेच्या पायरीवरून वॉचमननं उठवलं. दवाखान्याच्या दारात दोन दिवस बसल्या, पण तिथं बेल कोण घेणार? परवा मला रिक्षा थांब्याजवळ दिसल्या, डोक्यावर भरली टोपली तशीच.

"अहो, खाली तरी ठेवा."

"ठेवते. आधी ऊन कुठवर येतंय ते बघतेय."