कॉम्प्युटरच्या खोलीचं दार

आमच्या तहसील कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पूजा झाली, हार घातला, पेढे वाटले आणि मग खोलीला कुलूप लागलं. किल्ली तेव्हाच्या तहसीलदारांच्या खणात. बीडहून कुणी अधिकारी आले की कुलूप निघायचं. सगळे चपला बाहेर काढून आत जायचे, पिवळं कापड उचलून बघायचे आणि माघारी यायचे. कचेरीतला एकुलता एक कूलरही त्याच खोलीत होता.

मी तिथे टायपिस्ट होते. नवरा त्याच कचेरीत कारकून होता. तो काविळीनं गेला आणि अनुकंपेवर मला नोकरी मिळाली. माझं माहेर सिरसाळ्याचं, वडिलांचं किराणा दुकान. कचेरीत मी खाली मान घालून यायचे आणि तशीच जायचे. नोकरीत पुढे उपयोग होईल म्हणून रविवारी बीडला बसस्टँडजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकून आले होते, पण कुणाला बोलले नव्हते. नवरा गेलेली बाई रविवारी एकटी बीडला कशाला जाते, हा प्रश्न मला नको होता.

मग नवे साहेब आले. नाशिककडचे, निवृत्तीकडे झुकलेले, बोलायला हळू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुलूप काढायला लावलं आणि सगळ्यांना विचारलं, "हा कुणाला चालू करता येतो?"

मला वाटतं, मी आधी पुढे झाले आणि मग घाबरले.

"मला येतो, साहेब."

साहेबांनी शेजारी खुर्ची ओढली. "मग मला शिकवा, बाई. मला बटणंसुद्धा ठाऊक नाहीत."

तहसीलदार एका टायपिस्ट बाईशेजारी बसून अक्षरं शोधतोय, हे बघायला दारात गर्दी व्हायची. साहेब चुकायचे, हसायचे, पुन्हा तेच बटण दाबायचे. महिनाभरात ज्याला त्याला वाटायला लागलं की आपणही बसून बघावं.

फक्त अव्वल कारकून दूर राहिले. त्यांना मी काका म्हणायचे. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. माझा नोकरीचा अर्ज घेऊन तेच जिल्ह्याला फिरले होते. ते मला सूनबाई म्हणायचे. एकदा हळूच म्हणाले, "सूनबाई, तू शिक, पर आमचं काय? आमच्या हातचं काम ह्या डबड्यानं नेलं, तर आमाला कोण विचारतंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते माझ्या मनाला लागलं.

साहेबांनी पहिलं काम काढलं ते रेशनकार्डांचं. जुन्या नोंदी बघून गावागावातली नावं कॉम्प्युटरवर घ्यायची. एके दिवशी मी सकाळपासून टाइप करत होते. दुपारी लाइट गेली. कॉम्प्युटरसोबत आलेली बॅटरी केव्हाच बसली होती. लाइट आली तेव्हा पडदा कोरा होता. एका गावाचं सगळं काम गेलं होतं. मी तोंडाला पदर लावून रडायला लागले.

साहेब आले, दारात जमलेल्या कारकुनांकडे वळले आणि म्हणाले, "बॅटरी बदलायची फाईल माझ्या टेबलावर पडून आहे. ही चूक माझी." मग माझ्याकडे बघून, "बाई, चहा प्या. पुन्हा करू."

वरिष्ठानं सगळ्यांसमोर असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

चहा झाल्यावर ते माझ्यामागे उभे राहिले. एक नजर जुन्या अक्षरावर, एक नजर पडद्यावर, अशी माझी ओढाताण त्यांनी पाहिली. "कुणीतरी वाचून दाखवायला हवं," ते म्हणाले, आणि काकांना बोलावलं.

"तुम्ही कपिलधारच्या यात्रेत पोथी वाचता म्हणे."

"वाचतो की, साहेब. घराण्यातच हाय ते."

"मग इथंही वाचा. बाई ऐकून लिहितील."

काकांनी चष्मा पुसला, टोपी नीट केली आणि वाचायला बसले. काय आवाज होता तो! खणखणीत, एकेक अक्षर वेगळं. माझी बोटं आपोआप त्या लयीत चालायला लागली. दार उघडं होतं. बाहेर व्हरांड्यात आपापल्या कामासाठी ताटकळलेली माणसं बोलायची थांबली.

तेवढ्यात त्यांच्यातला एक गडी दारातून ओरडला, "ओ साहेब, माझा बाप कवाच वारला. त्याचं नाव अजून चालूच हाय का?"

सगळे हसले. काका त्याला हटकणार, तोच साहेबांनी हात वर केला. "थांबा. त्यांना बोलू द्या."

तिथून साहेबांच्या डोक्यानं घेतलं. त्यांनी गावोगाव निरोप धाडले. ज्या गावाची पाळी, ते गाव कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसायचं. काका दारात खुर्ची टाकून वाचायचे, लोक दुरुस्त्या सांगायचे, मी आत लिहायचे. कचेरीत येणारा माणूस साहेबाला चूक सांगतोय आणि साहेब मान हलवतोय, हे लोकांना सुरुवातीला खरंच वाटेना.

एका गावाच्या पाळीला काकांनी एका घरातल्या पुरुषाचं नाव वाचलं आणि पुढे नुसतं 'बायको' असं वाचलं. लिंबाखालून एक म्हातारी उठली.

"मला नाव हाय की."

"मग सांगा, आजी," काका म्हणाले.

शेजारच्या बाया पदराआड हसायला लागल्या. म्हातारी लाजली, मग अगदी हळू बोलली.

"मोठ्यानं सांगा. आत बाईला लिहायचंय."

तिनं सांगितलं, आणि मी लिहिलं. साहेबांनी तिला आत बोलावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"ह्यातलं माझं कुठलं?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं. माझ्या बोटाशेजारी तिनं आपलं बोट टेकवलं.

"माहेरचं नाव हाय ते," ती मला म्हणाली. "लग्नात बदललं. कावून बदललं, कुणास ठाव. आई गेल्यापासून ह्या नावानं कुणी हाक मारली न्हाई."

माझंही नाव लग्नात बदललं होतं. माहेरच्या नावानं मला सासरी एकटा नवराच हाक मारायचा, तीही आजूबाजूला कुणी नसताना. मी त्या आजीला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि कूलरचं तोंड तिच्याकडे केलं. त्या दिवशी बाहेर बायांची रांगच लागली. प्रत्येकीला आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

पुढे जिल्ह्याचे मोठे अधिकारी ही पद्धत बघायला आले. साहेबांनी काका आणि मला पुढे केलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभे राहिले. इतर तालुक्यांतले लोक आमच्याकडे शिकायला यायला लागले. काका त्यांना सांगायचे, "घाई करू नका. आदी नाव नीट ऐका."

अन् मग साहेबांची बदली झाली. निरोपाचं पत्र मी टाइप करून देते म्हटलं तर ऐकले नाहीत. एका बोटानं, अख्खी सकाळ लावून त्यांनी ते स्वतः लिहिलं. जीपही नको म्हणाले. काका आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर ते खिडकीतून एवढंच म्हणाले, "बाई, आता मान वर करून चालता तुम्ही. बरं वाटतं."

गाडी वळणाआड गेली. मग काकांनी स्टँडसमोरच्या हॉटेलाकडे पाहिलं.

"सूनबाई, चहा घेऊ."

नवरा गेल्यापासून मी हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. आत बाकड्यांवर सगळी गडीमाणसं. ओळखीचेही दोघेतिघे होते. काकांनी रुमालानं बाकडं झटकलं आणि मला आधी बसायला सांगितलं. चहा लई गोड होता. मी फुंकर घालत, सावकाश, सगळा प्याले.