सावंतकाकांनी पाहिलेले अणू

पडद्यावर सोन्याचे अणू उमटले, तेव्हा मला आधी सावंतकाका आठवले. द्रावणात बुडालेल्या धातूचे अणू दाखवणाऱ्या आमच्या सूक्ष्मदर्शकाचा पोलादी सांगाडा त्यांनीच लेथवर घडवला होता. “दिसले की मला बोलवा,” म्हणाले होते. पण त्याला सहा वर्षं लागली आणि तोवर मधुमेहानं त्यांची नजर गेली. तरी मी त्यांना घरून घेऊन आले.

“कसे आहेत गं?”

“सरळ रांगेत, काका.”

“हलत नाहीत ना?”

“जराही नाही.”

“मग सांगाडा पक्का झाला म्हणायचा.”

कुणालाच न दिसणारं दाखवणारं यंत्र आम्ही बांधलं, आणि शेजारच्या माणसाला मी नुसतं सांगत होते. “निघू या, काका?”

पडद्याकडून तोंड न वळवता ते म्हणाले, “थांब, अजून जरा बघतो.”