आभाळातली पेटी आणि केरबा गुळव्या

वल्लरी पहिल्यांदा गुऱ्हाळावर आली तेव्हा केरबा काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढत होता. त्यानं तिच्याकडं अर्धा तास पाहिलंच नाही. ती सांगलीची, तिशीच्या आतबाहेरची मुलगी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकली आणि नंतर सिनेमाच्या नादाला लागली. उसाच्या मोळीवर बसून ती वाट बघत राहिली. पाक थंड व्हायला वाफ्यात ओतून झाल्यावर केरबानं टॉवेलानं तोंड पुसलं.

"बोला ताई. किती ढेपा द्यायच्या?"

"ढेप नको, आजोबा. आष्ट्याच्या रानात आभाळातून पेटी पडली होती ना, त्यावर सिनेमा काढतेय. हलकाफुलका, हसवणारा. त्यात तुम्ही आहात."

"मी कशाला? मी तर ती पडताना बघितलीबी न्हाई."

वल्लरीचा चेहरा पडला. तिनं लिहिलेल्या गोष्टीत केरबा पेटी बघून घाबरतो आणि चिंचेवर चढून बसतो. हाच सिनेमातला सगळ्यात मोठा हशा होता.

"मग तुम्ही कुठं होता?" तिनं विचारलं.

"हितंच. ह्याच काहिलीपाशी."

केरबा आता बहात्तर वर्षांचा आहे. तीन भावांतला मधला. थोरला आणि धाकटा पलटणीत गेले. केरबाही भरतीला गेला होता, पण छाती एक इंच कमी भरली. परत आला आणि बापाच्या हाताखाली गुळव्याचं काम शिकला. रस कधी उकळी धरतो, मळी कधी वर येते, रानभेंडीचा चीक कधी घालायचा, पाक कधी उतरवायचा, हे सगळं त्याच्या डोळ्यात आणि नाकात बसलं. पंचविशीतच आसपासच्या चार गावांतून त्याला बोलावणं यायला लागलं. त्याचा गूळ केशरी निघायचा.

पेटी पडली ती चाळीसेक वर्षांपूर्वी, पौषात. हैदराबादकडून शास्त्रज्ञांनी एक भलामोठा फुगा सोडला होता. ताऱ्यांकडून येणारे किरण मोजणारं यंत्र एका पेटीत घालून त्याला टांगलं होतं. काम झालं की फुगा फुटायचा आणि पेटी हवाई छत्रीनं खाली यायची. वाऱ्यानं तो भरकटत आष्ट्यावर आला आणि नारिंगी छत्रीची पेटी गुऱ्हाळाशेजारच्या उसाच्या खोडव्यात उतरली.

सगळं रान धावलं. चुलवाणात जाळ घालणारा दादासो हातातली चिपाडं टाकून पळाला. घाण्यावरची माणसं पळाली. केरबाला आरडाओरडा ऐकू येत होता, "आरं वर बघ, वर बघ," असं कुणीतरी त्याच्या नावानं ओरडतही होतं. पण नेमकी तीच घटका भेंडीचा चीक घालायची होती. ती चुकली तर मळी पाकात बसते आणि गूळ काळा पडतो. केरबानं चीक घातला. मग वाकून स्वतःच चुलवाणात चिपाडं सारली, पुन्हा उठून मळी काढली, आणि एकट्यानं ती काहील शेवटाला नेली. दीड तासानं तो खोडव्यात गेला तेव्हा त्याची बायको साळूबाई हातात खुरपं घेऊन पेटीशेजारी बसली होती आणि कुणालाही हात लावू देत नव्हती. पेटीवर चिठ्ठी होती. शाळेच्या मास्तरांनी ती वाचली आणि त्यावरच्या पत्त्यावर तार केली.

दुसऱ्या दिवशी जीपमधून गोपाळकृष्ण नावाचे तरुण शास्त्रज्ञ आले. पेटी शाबूत बघून त्यांना हायसं वाटलं, पण लगेच ते अडले. पेटीतली नोंदीची फीत जमिनीवर आदळेपर्यंत चालू होती, मात्र वेळ पाठवणारा रेडिओ वाटेतच बंद पडला होता. पेटी किती वाजता टेकली ते नेमकं कळलं, तरच फितीवरून मागं मोजत जाता येणार होतं. त्यांनी गावाला विचारलं. कुणी आठ म्हणालं, कुणी दहा. मास्तर म्हणाले, शाळेची प्रार्थना चालू होती. किराणावाला म्हणाला, प्रार्थना कधीच झाली होती. गोपाळकृष्ण बांधावर डोकं धरून बसले.

"आमच्या मालकास्नी इचारा," साळूबाई म्हणाली. "त्येनी बघितलं न्हाई, पर त्यास्नी ठावं आसंल."

केरबा आला. "सायब, कारखान्याचा आठचा भोंगा झाला की मी दुसऱ्या काहिलीला जाळ लावतो. रोज. पेटी धपकन पडली तवा मी भेंडी घालत हुतो. जाळापास्नं भेंडीपतूर जेवढा वकुत जातो, तेवढा धरा."

"तो रोज सारखाच जातो?"

"तोच ऊस, तीच काहील, तेच चुलवाण. का बदलंल?"

गोपाळकृष्णांना ते पटेना आणि सोडवेनाही. ते दिवसभर घड्याळ घेऊन काहिलीशेजारी बसले. पहिल्या काहिलीला जाळापासून भेंडीपर्यंत एकोणसत्तर मिनिटं लागली. दुसरीला सत्तर. तिसरीला पुन्हा एकोणसत्तर. संध्याकाळी त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या चष्म्याला पाकाचे शिंतोडे लागले होते.

वर्षभरानं टपालानं एक इंग्रजी लेख आला. दूरच्या एका ताऱ्यातून त्या पहाटे किरणांचा लोंढा आला होता. तो परदेशातल्या एका दुर्बिणीनं टिपला होता आणि आष्ट्यात पडलेल्या पेटीनंही. दोन्हींच्या वेळा जुळल्या होत्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पेटी टेकल्याची वेळ, नऊ वाजून नऊ मिनिटं, आष्टा येथील गूळ करणाऱ्या केरबा यांच्याकडून. मास्तरांनी ती ओळ मराठीत सांगितली. साळूबाईनं तो कागद लुगड्यांच्या घडीत ठेवला. वल्लरीला कॉलेजच्या ग्रंथालयात नेमकी तीच ओळ सापडली होती.

हे सगळं ऐकून तिनं चिंचेचा प्रसंग काढून टाकला. सगळा गाव आभाळाकडं बघत पळतो आहे आणि एक माणूस खाली मान घालून मळी काढतो आहे, एवढंच ठेवलं. ते जास्त हसवणारं होतं.

सिनेमात केरबाचं काम करायला मुकुल नावाचा नट आला. नाटकांतून आलेला, नाजूक हाताचा. केरबानं त्याला आठ दिवस गुऱ्हाळावर राबवलं. पहिल्याच दिवशी मुकुलच्या तळहाताला फोड आले.

"आजोबा, हे फावडं किती जड आहे हो."

"दांडा आवळून धरू नगंस. पाकाला ढकलायचं न्हाई, त्येला वाट द्यायची," केरबा म्हणाला. पाचव्या दिवशी मुकुलला जमायला लागलं, तेव्हा केरबानं त्याला वाफ्यातला ऊन ऊन गूळ उसाच्या ढलपीवर काढून दिला.

पेटी पडण्याच्या प्रसंगाला क्रेन आणली होती. वरून नारिंगी छत्री सोडायची, खाली काहील खरोखर उकळत ठेवायची, आणि मुकुलनं वर बघायचं नाही. केरबा कॅमेऱ्याच्या मागं उभा होता, पण त्याचे डोळे काहिलीवरच होते.

"आवं, आज वर बघा की," साळूबाई त्याच्या कानाशी म्हणाली. "ही काहील काय तुमची न्हाई."

केरबानं मान वर केली. छत्री सुटली, झोका खात आली, ऊन तिच्या कापडातून आरपार दिसत होतं. तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. पेटी खोडव्यात टेकली तरी त्याची मान वरच होती.

"असं हुतं व्हय," तो म्हणाला. "ब्येस हाय की."

"तवा ह्याच्यापरास मोठी हुती," साळूबाई म्हणाली. "आन लय वाकडीतिकडी आली."

इकडं मुकुल मान खाली घालण्याच्या नादात भेंडी घालायलाच विसरला होता. गूळ काळाकुट्ट उतरला. वल्लरी वरमून माफी मागायला आली. केरबा पोट धरून हसत होता. "आसूं दे. म्हशी खातील."

दिवाळीनंतर साताऱ्याच्या थिएटरात सिनेमा लागला, तेव्हा वल्लरीनं दोघांसाठी गाडी पाठवली. दुपारचा खेळ होता. लोक हसत होते, आणि मास्तर व किराणावाला भांडतात तिथं सगळ्यांत मोठ्यानं केरबा हसला. साळूबाई मात्र नाक मुरडत होती. सिनेमातली साळूबाई फार बोलते, असं तिचं म्हणणं पडलं.

खेळ संपल्यावर एका बाईंनी केरबाला विचारलं, "तेव्हा बघायला गेला नाहीत याची हळहळ नाही वाटत?"

"वाटायची की, लय वर्सं वाटायची," केरबा म्हणाला. "जो तो यायचा आन छत्री कशी आली ते मला सांगायचा. पर ती काहील मी टाकली आसती, तर सायबाला काय सांगितलं आसतं?"

परतीच्या वाटेवर कराडच्या पुढं गाडी चहाला थांबली. टपरीवर गुळाचा चहा होता. केरबानं एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि उठून चहावाल्याकडं गेला.

"गूळ कुणाच्या गुऱ्हाळाचा म्हणायचा ह्यो?"

चहावाल्यानं नाव सांगितलं. केरबानं मान हलवली, बाकावर येऊन बसला आणि साळूबाईला म्हणाला, "भला गुळव्या दिसतोय. पाक उतरवायला जरा घाई करतोय, एवढंच."