आत्याची पंचाहत्तरी आणि करवंदांचे थर

मार्च महिन्यात आत्याने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. काचेचं मोठं भांडं, तळाला केक, त्यावर लालभडक फळांचा रस, त्यावर पांढरंशुभ्र क्रीम, पुन्हा केक, पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. कुठल्या तरी परदेशी बाईने उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी केलेला प्रकार होता. खाली आत्याचा एका ओळीचा निरोप: "हे मला एकदा खायचं आहे."

मी तो निरोप दोनदा वाचला. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. रत्नागिरीकडच्या पालीजवळ एका वाडीत मुलगा-सुनेसोबत राहते, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि आजवर तिने कुणाकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. साडी आणू का विचारलं तर "ढीगभर पडल्यात". जेवायला बस म्हटलं तर "तुमचं होऊ दे". अशा बाईने तोंडाने मागितलं म्हणजे विषय संपला. त्यात यंदा तिची पंचाहत्तरी.

वाढदिवसाचा घोळ मात्र जुना. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जून आहे, जशी तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची आहे. तिने स्वतःच शाळेत किती पोरांना एक जून चिकटवला असेल देव जाणे. यंदा तिच्या मुलाने, मिलिंददादाने, जुनी पत्रिका काढून खरी तिथी शोधली, ती मोबाइलच्या ॲपमध्ये घातली आणि आम्हाला दिवस कळवला: मे महिन्यातला बुधवार. मी लगेच रजा टाकली. तिथी कुठली हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सगळी गडबड तिथेच झाली.

फळाचा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. स्ट्रॉबेरीचा मोसम संपलेला, आणि मे महिन्यात कोकणात जाऊन डब्यातली फळं वापरायची म्हणजे समुद्रावर जाऊन बादलीत पाय बुडवून बसणं. करवंदं वापरायची! केक मात्र पुण्याहून न्यायचा. ओळखीच्या बेकरीतून दोन मोठे व्हॅनिला स्पंज घेतले आणि एक काचेचं भांडं. ते भांडं मी सव्वातीनशे किलोमीटर मांडीवर घेऊन बसले होते. निखिल, म्हणजे माझा नवरा, प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्याकडे न बघता भांड्याकडे बघायचा.

मंगळवारी पहाटे पाचला निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कराडपर्यंत हायवे सोडायचा नाही, मग मलकापूर आणि पुढे आंबा घाट. कराडला मिसळ खाल्ली, दोघांची दोनशेच्या आत. रस्त्याची कामं जिथे चालू आहेत तिथे धूळ आणि डायव्हर्जन आहेत, तेव्हा गाडीची काच वर आणि डोकं थंड ठेवा. घाट मात्र सुरेख. उतरताना वळणावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असतात, तीस रुपयांना एक द्रोण. मी सहा घेतले आणि साखरप्याला पोचेपर्यंत दोन संपवले. ओठ चिकट, बोटं जांभळी. एक सांगते, करवंदं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, उन्हात तासाभरात त्यांचा लगदा होतो. आमच्या उरलेल्या चार द्रोणांचं तेच झालं.

दुपारी दोनला पोचलो. आत्या पडवीत उभी. भांडं बघून तिचे डोळे असे काही चमकले की सगळा शीण गेला. तिने ते पदराने पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं आणि म्हणाली, अगो, व्हिडिओतल्यापेक्षा मोठं आहे हे. वहिनीने श्रीखंडासाठी टांगलेला चक्का मी लगेच माझ्या नावावर करून घेतला. सगळं कसं जुळून आलं होतं.

संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आत्या साबुदाणा भिजवत होती. मी सहज विचारलं, उद्या नाश्त्याला खिचडी का?

"नाश्त्याला नाही गो, उपासाला. एकादशी ना उद्या."

मी तिथेच पाटावर बसले. वैशाख वद्य एकादशी. तीच तिची जन्मतिथी. मिलिंददादाला विचारलं तर तो डोक्याला हात लावून म्हणाला की तिथी शोधायच्या नादात एकादशी म्हणजे उपास हे डोक्यातच आलं नाही. शिकलीसवरलेली माणसं आम्ही! डिकीत अंड्यामैद्याचे दोन केक, आणि जिच्यासाठी आणले तिला त्यातला कण चालणार नाही.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? आत्याला हे मार्चपासून माहीत होतं. दादाने दिवस सांगितला तेव्हाच तिने कॅलेंडर बघितलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणते, तुम्हा सगळ्यांना त्याच दिवशी रजा मिळाली होती, कशाला मोडता घालायचा. आणि वर हे:

"तुम्ही खा सगळे. मी बघीन. थर लावलेले बघायला मिळाले तरी पुष्कळ झालं."

"बघायला तुझ्याकडे व्हिडिओ होता, आत्या," मी जरा जोरातच म्हणाले.

मग वहिनीकडून एकेक कळत गेलं. लहानपणी आत्याच्या वाढदिवसाला दरवर्षी तिची आई, म्हणजे माझी आजी, म्हणायची की आज उपास, उद्या द्वादशीला तुझ्यासाठी गोड करू. द्वादशीला कधी पाहुणे, कधी आंब्याची अढी, कधी भावाचं आजारपण. ते गोड राहूनच जायचं. सासरी तर कुणाला तिथी ठाऊकच नव्हती. पंचाहत्तर वर्षं या बाईने आपल्या वाढदिवसाला साबुदाणा खाल्लाय आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. मला खरंच लाज वाटली. दादा म्हणाला, गुरुवारी करू, काय बिघडतंय? मी म्हटलं, द्वादशीचं नाव काढू नकोस. उद्याच होणार आणि तिला चालेल असंच होणार.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी, वहिनी आणि आत्या घरामागच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, कडेकडेने करवंदाच्या काटेरी जाळ्या. टोपी न्या, लांब बाह्यांचे कपडे घाला, साडेआठच्या आत परत या. आत्या काठी टेकत आली आणि तिने चक्क कोंबडा-कोंबडी सुरू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: करवंद चावायच्या आधी सांगायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आत्या दर वेळी कोंबडा म्हणायची आणि हरली तरी आधीचं मोजू नका म्हणायची. शिक्षिका होती यावर विश्वास बसेना. दीड किलो करवंदं निघाली आणि माझ्या हातावर अठरा ओरखडे, घरी येऊन मी मोजले.

मग केक. मी म्हटलं वरीच्या पिठाचा करू. आत्या म्हणाली, एकादशीला आपल्यात वरी चालत नाही. शिंगाड्याचं पीठ? चालेल, पण दगड होईल. शेवटी राजगिऱ्यावर एकमत झालं. निखिलला पालीच्या बाजारात पिटाळलं. तो एक किलो पीठ घेऊन आला आणि जोडीला बेकिंग पावडर. वहिनीने डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली तर त्यात मक्याचं पीठ. बाद! मग दही आणि खायचा सोडा. आता सोडा चालतो का? आत्या म्हणाली, आईने कधी घातलेला आठवत नाही. मला तर रडू यायचं बाकी होतं. दादाने गुरुजींना फोन लावला. गुरुजी बराच वेळ हसले आणि म्हणाले, सोडा काय शेतात पिकतो? घाला बिनधास्त, आणि एक वाटी इकडे पाठवा.

घरात ओव्हन नाही. माझं तोंड उतरलेलं बघून आत्याच पदर खोचून उठली. कोकणात काकडीचा केक करतात, तवसळं म्हणतात त्याला, तो टोपात शिजवतात: खाली चुलीचा मंद जाळ आणि वर झाकणावर निखारे. माझं तवसळं कधी करपलं नाही, तर हा कुठला करपतोय, असं म्हणून तिने परसातली चूल पेटवली. राजगिरा, दोन पिकली केळी, दही, तूप, साखर, वेलची, चिमूटभर सोडा. तासाभराने वास तर असा सुटला की शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन दोनदा काय चाललंय विचारून गेल्या.

टोप उलटा केला आणि केक भसकन फुटला. भुगाच झाला नुसता. राजगिरा धरून राहत नाही हे मला कळायला हवं होतं. साडेतीन वाजले होते, पीठ संपलं होतं, मी कपाळाला हात लावून चुलीपाशी बसले. माझ्या वाढदिवसाला मी एवढी रडवेली झाले नसेन.

आत्याने त्यातला एक तुकडा उचलून वास घेतला. खाल्ला नाही, कारण थर लावायच्या आधी खायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"मंजू, थरच घालायचेत ना? मग भुगा झाला तर काय बिघडलं?"

खरंच की! मग आम्ही भराभर कामाला लागलो. करवंदं साखर घालून शिजवली, बिया जाऊन गडद रस राहील अशी गाळून घेतली. हे काम वहिनीने केलं आणि तिची पांढरी ओढणी कायमची गुलाबी झाली. चक्का, साय आणि पिठीसाखर मी घोटली. भांड्यात तळाला भुगा, त्यावर रस, त्यावर चक्का. असे तीनदा. वर अख्खी टपोरी करवंदं. काचेतून ते थर असे दिसत होते की दादा, जो आंब्याशिवाय कशाचं कौतुक करत नाही, तोही भांड्याभोवती फिरून वाकून बघायला लागला. दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं.

संध्याकाळी साडेसहाला पडवीत सगळे बसलो. औक्षण झालं. वहिनीने पाच वाट्या मांडल्या, शेजारी डाव ठेवला. आत्या रोजच्यासारखी म्हणणार की आधी तुम्हाला वाढते, म्हणून मी डाव लपवायच्या तयारीत होते. पण तिने आपला चमचा उचलला, सरळ भांड्यात घातला, तळापर्यंत नेला, तिन्ही रंग काढले आणि तोंडात घातले.

आम्ही बघतच राहिलो. ही बाई म्हणजे उष्ट्या-खरकट्याची कडक. लोणच्याच्या बरणीत वापरलेला चमचा गेला तर बरणी वेगळी काढणारी. तिने तोच चमचा पुन्हा भांड्यात घातला. मग तिसऱ्यांदा. डोळे मिटून खात होती. मग आमच्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली:

"हे उष्टं झालं गो सगळं. आता माझंच."

आणि भांडं मांडीवर ओढून घेतलं. दादा आधी हसायला लागला, मग आम्ही सगळेच. टोपाला चिकटलेला भुगा आणि पातेल्यात राहिलेला चक्का आम्ही चौघांनी चाटूनपुसून खाल्ला आणि तेवढ्यात तृप्त झालो. चव म्हणाल तर आंबटगोड, करवंदाचा तो जरासा तुरटपणा मागे राहतो, आणि राजगिरा थोडा नाचणीच्या लाडवासारखा लागतो. गुरुजींची वाटी काही गेली नाही. डिकीतले स्पंज दुसऱ्या दिवशी निखिलने आणि दादाने चहात बुडवून संपवले, टोस्टच झाले होते त्यांचे.

गुरुवारी दुपारी निघालो. वेळ असेल तर तुम्ही हातखंब्यावरून पुढे रत्नागिरीत जाऊन समुद्र बघा. आम्हाला जमलं नाही. समुद्र न बघता कोकणातून परतले, म्हणून ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. जाऊन-येऊन पेट्रोल आणि खाणं मिळून सात हजारांच्या आसपास लागले. काचेचं भांडं तिकडेच राहिलं, परत मागायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी संध्याकाळी आत्याला फोन केला. पोचल्याचं, उन्हाचं, आंब्याच्या पेट्यांचं बोलून झालं. मग मी विचारलं, संपलं का?

"आज दुपारी संपलं. रोज जेवणानंतर वाटीभर घ्यायचे."

कुणाकुणाला दिलंस, म्हटलं. मग हसू दाबत म्हणाली:

"कुणालाच नाही. मिलिंद दोनदा फ्रिज उघडून बघून गेला. मी म्हटलं, झाकण लाव."

फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून आधी पोटभर हसले आणि मग थोडी रडले. हातावरचे ओरखडे एव्हाना वाळून खाजायला लागलेत. निखिल म्हणतो, पुढच्या वर्षी हातमोजे ने. नेईन. एकादशी कधी येते तेवढं फक्त आजच बघून ठेवलंय.