वीस पट्ट्यांतली एक

आमच्या आप्पांनी सगळ्या वाडीला सांगितलं होतं, की पोरगं उन्हाळाभर सांगलीत सरकारचं कापड फाडणार आहे आणि त्याबद्दल सरकार त्याला सर्टिफिकेट देणार आहे. म्हसवडच्या पुढं आमची वाडी. पारावर बसलेले एक माजी सुभेदार म्हणाले, "आवं, आमी बावीस वर्सं सरकारचं कापड जपून वापरलं. आमाला कुनी कागद दिला न्हाई."

"फाडायला पायजे हुतं," आप्पा म्हणाले.

आयुष्यात आप्पांनी न वाढवता सांगितलेली ही एकच गोष्ट. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर इंटर्नशिप करावी लागते, आणि मला मिळाली माधवनगरच्या अलीकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत. जवानांच्या गणवेशाचं कापड तिथं तपासायचे. वर्गातली बाकीची पोरं पुण्यात एसीत बसून रोबोट बनवत होती. मी पत्र्याखाली पट्ट्या ताणत होतो.

मशीन बसल्या म्हशीएवढं होतं आणि तापटपणात तिच्यापेक्षा दोन शिंगं पुढं. त्याला दोन जबडे. त्यांत कापडाची पट्टी धरायची, बटण दाबायचं, की वरचा जबडा ओढू लागायचा. पट्टी तुटताना असा आवाज व्हायचा की पहिल्या दिवशी मी टेबलाखाली गेलो आणि रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली पंक्चर झालं समजून थांबल्या. काटा जिथं थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. एका ताग्याच्या वीस पट्ट्या, असे बारा तागे. माझा सगळा प्रोजेक्ट एवढाच. त्याचा अहवाल शनिवारी द्यायचा, त्यावर मॅडमची सही झाली की सर्टिफिकेट. सही नाही, तर कॉलेजात तो विषय नापास आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाच पत्रा.

मॅडम म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ. त्या हळू बोलायच्या, म्हणून सगळे घाबरायचे. मशीन चालवणारे मामा तीस वर्षं तिथं होते आणि मशीनपेक्षा जास्त कुरकुरायचे.

आता शेवटच्या आठवड्यातला सोमवार. मशीन खरं बोलतं का, हे तपासायला पुण्याहून एक माणूस आला. त्यानं जबड्याला वजनं टांगली, काटा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "जबडा सरकतोय. हे मशीन दोन महिने थापा मारतंय."

मला त्या मशीनबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. पण मॅडमनी माझी वही मागवली.

"वीस पट्ट्या कापल्या, असं वर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खाली आकडे एकोणीस. प्रत्येक ताग्याला एकोणीस. बारा पट्ट्या कुठं गेल्या?"

मी वहीची पानं उलटू लागलो.

"नको तो आकडा आला की पट्टी फेकायची, असं केलंस का?"

"न्हाई मॅडम. त्या मोजायच्या न्हाईत."

"का?"

आता हे कसं सांगायचं? आमच्या घरात सगळं वाढवून सांगतात, मेंढरं तेवढी कमी करून. लस टोचायला डॉक्टर आले आणि त्यांनी किती मेंढरं हायती विचारलं, तर आप्पा म्हणाले, "हायती की चार-दोन." त्या वेळी त्यांच्या मागं अख्खा डोंगर में-में करत होता. आकडा तोंडातून गेला की नजर लागते. शिवाय कळपातली एक मेंढी देवाची. ती विकायची नाही, कापायची नाही आणि मोजायची तर नाहीच. लहानपणापासून हाताला हीच सवय. पट्ट्यांचा गठ्ठा समोर आला, की पहिली पट्टी आपोआप बाजूला जायची. तिसऱ्या ताग्याला माझ्या ध्यानात आलं. पण तीन ताग्यांना देवाची ठेवली आणि चौथ्याला नाही, असं कसं चालेल?

हे सगळं मी सांगितलं. पुण्याचा माणूस कपाटाकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आहेत कुठं त्या?" मॅडम म्हणाल्या.

खालच्या खणात, माझ्या डब्याच्या फडक्यात. बाराच्या बारा, ताग्याचा नंबर घातलेल्या. वर हळदीचा डाग होता, पण तो भाजीचा.

मॅडमनी एकेक पट्टी उजेडात धरली. मामांना विचारलं, "तागे आहेत का अजून?"

"कवाच परत गेलं. नवं मागवायचं तर कागद दिल्लीस्नं यीस्तवर पोराला नातवंडं हुतील."

"म्हणजे या बारा ताग्यांतलं न फाटलेलं एवढंच कापड राहिलंय." त्या माझ्याकडं वळल्या. "याला आम्ही राखीव नमुना म्हणतो. ठेवायचा नियम आहे. इथं कुणी पाळत नाही."

मामांनी एकदम छताच्या पंख्याकडं लक्ष दिलं.

बुधवारपर्यंत जबडा दुरुस्त झाला आणि त्या राखीव पट्ट्या एकेक करून फाडायला घेतल्या. नव्या आकड्याशेजारी जुने एकोणीस आकडे ठेवले, की मशीन कुठं किती फेकत होतं त्याचा अंदाज यायचा. एका पट्टीवर कापड पास-नापास करता येत नाही, हे मॅडमनी चारदा बजावलं. कापडाचा प्रोजेक्ट बुडाला आणि त्याच वहीतून मशीनच्या थापांचा प्रोजेक्ट निघाला. थापांचा विषय घरचाच, दोन दिवसांत अहवाल लिहून झाला.

त्या बुधवारी अकरा पट्ट्या तुटल्यावर मी बारावी जबड्यात धरली आणि माझा हात बटणावर अडला.

"काय झालं रं?" मामा म्हणाले.

मॅडमनी वहीतनं मान वर केली नाही. "ती राहू दे," त्या म्हणाल्या. "राखीव नमुना नियमात आहे."

शनिवारी सही झाली. सर्टिफिकेट घेऊन वाडीवर गेलो, तर पारावर सुभेदार बसलेलेच. कागद उलटा-सुलटा बघून त्यांनी विचारलं, "किती पट्ट्या फाडल्यास रं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "फाडल्या आसतील चार-दोन."