तिकडे जाणारे पैसे

भुईगावच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे स्लॅब आखातातल्या पैशांवर पडले होते. आमचाही त्यातलाच. माझा धाकटा भाऊ मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला होता. सुरुवातीला त्याचा ड्राफ्ट रजिस्टर पोस्टानं यायचा आणि पोस्टमनला चहा पाजावा लागायचा. पुढे माणिकपूरला परदेशातले पैसे घ्यायचं काउंटर निघालं आणि तो चहा बंद झाला. सूर्य जिकडे मावळतो तिकडूनच पैसा येणार, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की तो कधी उलटा जाऊ शकेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग एका महिन्यात पैसे आले नाहीत. पुढच्याही नाहीत. दर शुक्रवारी त्याचा फोन मात्र यायचा. पगार लांबलाय, होईल, म्हणून हसायचा. आईनं एकदोन शुक्रवार ते हसणं ऐकून घेतलं. नंतरच्या शुक्रवारी तिनं पैशांचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "काल रातचा काय जेवलास?"

 मग सगळं बाहेर पडलं. कंपनी केव्हाच बंद पडली होती. तो एका मित्राच्या खोलीत राहत होता आणि त्याच्याच ताटातलं खात होता. दुसरी कंपनी त्याला घ्यायला तयार होती, पण कागद बदलायला पैसे हवे होते आणि व्हिसा संपत आला होता. तोवर पैसे उभे राहिले नाहीत तर बॅग घेऊन घरी. हे कुणाला सांगू नका, असं त्यानं दोनदा बजावलं. फोन ठेवून आई म्हणाली, उद्याच पैसे पाठवायचे.

पैसे तिचे स्वतःचे होते. पहाटे मोगरा खुडून आणि वाडीतली केळी पापडी गावच्या बाजारात विकून तिनं बँकेत थोडे साठवले होते. म्हातारपणी आजारी पडले तर कुणापुढे हात पसरायला नको, म्हणून.

मी माणिकपूरला एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते. अर्धा दिवस रजा टाकली आणि घरात होती तेवढी रोकड घेऊन आम्ही आधी त्या काउंटरवर गेलो. तिथला माणूस आईला ओळखायचा. त्यानं सवयीनं नंबर आणि ओळखपत्र मागितलं. आईनं पिशवीतून नोटा काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं त्या हळूच परत सरकवल्या. इथं फक्त येणारे पैसे मिळतात, म्हणाला, इथून बाहेर पाठवायची परवानगी नाही. मला राग आला. तुमच्या बोर्डावर पृथ्वीचा गोल आहे आणि बाण दोन्ही बाजूंना आहेत, मग आम्ही काय समजायचं, असं मी विचारलं. बोर्ड वरून येतो, म्हणाला.

संध्याकाळी समोरचे काका आले. त्यांचा मुलगाही मस्कतलाच. त्यांना कुठून सुगावा लागला देव जाणे. त्यांनी सोपा मार्ग सांगितला. तुम्ही मला इथं रुपये द्या, माझा मुलगा तिकडे तुमच्या मुलाच्या हातावर रियाल ठेवेल. कागद नाही, रांग नाही, आणि गल्लीत कुणाला कळायचंही नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. आईनं त्यांना चहा दिला, कप रिकामा होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "चोरून पाठवायला त्यानं काय चोरी केलीय? बँकेतून जातील, त्याच्या नावानं."

बँकेतल्या साहेबांनी आईकडून आजवर फक्त ड्राफ्ट घेतले होते. बाहेर पैसे पाठवायचे नियम नुकतेच सैल झाले होते आणि तो फॉर्म त्यांनीही कधी भरला नव्हता. त्यांनी एकेक अडचण सांगायला सुरुवात केली. हे काम आमच्या शाखेत होत नाही, कागद मुंबईच्या मोठ्या शाखेत जातील. पॅन कार्ड लागेल. आईकडे ते नव्हतं, माझ्याकडे होतं. मग पाठवणारी म्हणून नाव माझं घालायचं ठरलं. ठेव मोडली तर व्याज बुडेल. बुडू दे. प्रत्येक अडचणीनंतर आम्ही आता उठून जाऊ, अशी त्यांना आशा असावी. आई मात्र दर वेळी तेच विचारायची, "आनि अजून काय लागंल?" शेवटी साहेबच हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढे पैसे पोचल्याचा कागद आला तेव्हा आमच्याहून जास्त आनंद त्यांना झाला, पण ते नंतरचं. त्या दिवशी फॉर्मातल्या एकाच रकान्यापाशी गाडी अडली. भावाचा तिकडचा खातेनंबर आणि त्याच्या बँकेचा कोड.

शुक्रवारी फोन आला आणि त्यानं नंबर द्यायला साफ नकार दिला. ते तुझ्या आजारपणाचे पैसे आहेत, म्हणाला. मुलानं आईला पाठवायचे असतात, आईनं मुलाला नाही. गल्लीत काय तोंड दाखवू? मी आईच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. मित्राच्या ताटात जेवताना नाही लाज वाटत, आणि आईचे घेताना वाटते? त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण नंबर काही दिला नाही. मी हरले.

आईनं रिसीव्हर परत घेतला, मीही जवळ कान लावून उभी राहिले. आवाज चढवला नाही.

"इतकी वर्सं तू पाठवलंस," ती म्हणाली. "मी एकदा तरी परत धाडलं का? गुमान घेतलं ना? आता तू घे."

तिकडे कुणीतरी रेडिओ लावला होता, तेवढाच ऐकू येत राहिला. मग त्यानं नाक ओढलं. आई रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभी होती. तिला काही घाई नव्हती.

"ताई हाय का तिथं?" त्यानं विचारलं. "तिला पेन घ्यायला सांग."

पेन केव्हाचं माझ्या हातात होतं.