निम्मे-दुप्पट धरा

“निम्मे-दुप्पट धरा,” असं म्हणून ते अंगठा आणि तर्जनी एकदा जवळ आणत, एकदा ताणत, आणि प्रश्न सुटल्यासारखे चहाकडे वळत. विचारणारा तसाच उभा. बहुतेक वेळा ती मीच असे.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत ते धातूतज्ज्ञ होते आणि त्यांचे अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. खूप तापलेल्या पोलादावर सतत ताण असला की ते नकळत लांबत जातं. त्यात चीर असेल तर तीही महिनोन्महिने वाढत राहते. ते पोलाद फुटायला किती दिवस उरलेत, हे आधी सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आलेखाच्या कागदावर एक घर पुढे गेलं की आकडा दहापट होई. तिथे दुप्पट म्हणजे जेमतेम एक तृतीयांश घर. या विद्येत एवढी चूक कोणी चूक धरत नाही. माझी तक्रार इतकीच, की ते संसारातही धरत नसत.

सुरुवातीला मी त्यांना काका म्हणायची. मग एका डच सहकाऱ्याने लाल होत सांगितलं की त्यांच्याकडे लहान मुलं ‘शी’ला ‘काका’ म्हणतात. त्या दिवसापासून ते ‘सर’ झाले. “काका काय वाईट होतं?” हे मात्र ते वर्षभर विचारत राहिले.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जेवायला किती माणसं येतील, हे त्यांना विचारण्याचा शहाणपणा माझ्या नवऱ्याने केला.

“ऐंशी. निम्मे-दुप्पट धरा.”

त्याने ऐंशी धरले. चाळीस आले.

“मग? बरोबरच आलं की,” सर म्हणाले.

तीन आठवडे आमच्या डब्यांत मसालेभात होता.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी एका वीजकेंद्रातल्या वाफेच्या पाइपला, वेल्डिंगपाशी, चीर सापडली. केंद्राच्या लोकांना तो मे महिन्यापर्यंत, म्हणजे ठरलेल्या दुरुस्तीपर्यंत चालवायचा होता. अर्ध्या गावाची घरं त्याच वाफेवर गरम होत. बैठकीला त्यांचे एक साहेब आले. त्यांचा हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी व्यापत होता आणि स्लाइड्स बेचाळीस होत्या. सरांचं उत्तर होतं सात महिने.

“सात! म्हणजे मे निघाला,” साहेब खूश.

सरांची बोटं उघडली, मिटली. निम्मे-दुप्पट.

“म्हणजे चौदाही?”

“साडेतीनही.”

साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा सरांनी विचारलं, “मॅडम, त्या पाइपखाली काय आहे हो?”

मी नकाशा पाहिला. “कॅन्टीनला जायची वाट.”

“मग तीन महिने लिहा.”

“सर, सात आलंय ना?”

“सात माझं उत्तर. तीन त्या वाटेवरून जाणाऱ्यांचं.”

मी चिडले. जन्मभर ज्याने कोणाला एक धड आकडा दिला नाही, त्याने आज दिला, तोही स्वतःच्या गणिताला सोडून! “तुमचं कंत्राट केंद्राच्याच पैशावर आहे, ते वाढवणार नाहीत,” मी म्हटलं. ते सही करत होते. सही मात्र त्यांची नेहमी एकसारखी येई.

जानेवारीत केंद्र बंद झालं. ट्रकवर बॉयलर आणून गाव कसंबसं गरम ठेवलं. कापलेला तुकडा आमच्याकडे आला, सरांनी चीर उघडली, मोजली. ती जेमतेम हलली होती. पुढचा हिवाळाही त्या पाइपने निभावला असता. साहेबांनी भिंगातून पाहिलं, “मोई” म्हणाले, म्हणजे छान, आणि कोट चढवला.

मार्चअखेर कंत्राट संपलं. टेबल आवरताना सरांचा चेहरा सुट्टी लागल्यासारखा.

“चुकलो बुवा, मॅडम. काय सुंदर चुकलो!”

मला मात्र त्यांचा रागच आला. नोकरी गेलेल्या माणसाने जरा तरी तोंड पाडावं की नाही? त्यांनी पायाला चिमटा लावून पँट आवळली, सायकल काढली आणि गेले. आता पुण्यात असतात.

जूनमध्ये कागद पोचवायला मी त्या केंद्रात गेले. जेवायची वेळ होती. त्या वाटेवरून माणसं ब्रेडचे डबे घेऊन, मोठमोठ्याने हसत चालली होती. एकाने माझ्यासाठी दार धरलं. मी विचारलं, “नवा पाइप कुठला?”

त्याने वर पाहिलं. “इथे पाइप आहे?” म्हणाला, आणि जेवायला निघून गेला.